आतनं पण असाच

जावई सासूकडं बाईचं कापड शिवायला घेऊन येतो, असं तुमी कुठं ऐकलंय का? मी तर न्हाय बाई. बावड्यात घरातच मशीन मांडून माझं अर्धं आयुष्य गेलं. गावातल्या बायकांचे ब्लाऊज, पोरींचे टॉप, लेकरांची झबली, सगळं माझ्या हाताखालनं गेलंय. पण जावयानं आणलेलं कापड? छे! म्हणून त्या दिवशी सुयोगराव भर उन्हात बारामतीहून मोटारसायकलवर आले आणि टेकायच्या आधीच पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पिशवीत रेशीम होतं. आणि रंग तरी काय, अगं बाई! भडक गुलबक्षी, त्याला पोपटी काठ. उलगडलं तशी आमची अंधारी खोली उजळून निघाली.

"प्रगतीला टॉप शिवायचाय, मामी," सुयोगराव म्हणाले. "मापाला हा कुर्ता आणलाय. अगदी ह्याच्यासारखाच करा. आतनं पण असाच."

"आतनं म्हंजे? आता मला शिवण शिकवताय व्हय?" मी म्हटलं.

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर हा माणूस खो-खो हसायचा. त्या दिवशी हसला न्हाय. खाली बघत म्हणाला, "नुसता नीट बघा, मामी. सगळीकडनं बघा. आणि प्रगतीला फोन करून विचारू नका." चहा अर्धा तसाच ठेवला आणि गाडीला किक मारून गेला सुद्धा.

आता प्रगतीचं सांगते. माझी एकुलती एक लेक. बारामतीत पतसंस्थेत कामाला. जावई तितंच एमआयडीसीत. अंगानं माझ्यावर गेलेली, चांगली भरलेली. आणि रंग म्हणाल तर जन्मात राखाडी न्हायतर बदामी, त्याच्या पुढं गेली न्हाय. लग्नातसुद्धा शालूचा रंग जरा उठावदार निघाला तर तोंड पाडून बसली होती. मी म्हणायची, "मेले, म्हाताऱ्या बायका तुझ्यापरास झगझगीत नेसतात की गं!" माझ्या तोंडात हा 'मेली' उठता-बसता. शेजारीण मेली, मांजर मेली, मशीन मेली. राग आला तरी तेच, माया आली तरी तेच.

तर अशा पोरीला गुलबक्षी टॉप? इथंच मला पहिला धक्का बसला.

दुसरा बसला तो कुर्ता उलगडल्यावर. निळसर, सुती, बाजारातला तयार. माझ्या लेकीनं कधी तयार कपडा घातला न्हाय, तिचं सगळं मी शिवायची. आणि माप! माझ्या ट्रंकेत प्रगतीचा एक जुना टॉप कायम ठेवलेला असतोय, तो काढून मी त्यावर अंथरला. खांदा आत. कंबर तर वीतभर आत. बाह्या म्हंजे नुसत्या वेळूच्या नळ्या. मी हात लावून लावून बघितलं, उलटापालटा करून बघितलं. पण माप ते माप. हा कुर्ता माझ्या लेकीच्या अंगाला लागणंच शक्य नव्हतं.

मग कुणाचा?

तळपायाची आग मस्तकात गेली हो माझ्या. तेवढ्यात शेजारची करिमा आली, साडीला फॉल लावून न्यायला. तिच्या मालकाचं बांगड्यांचं दुकान हाय, आणि ती नि मी एकमेकींच्या घरातलं मीठ-मिरचीसकट सगळं जाणतो. तिला मी दोन्ही कपडे दाखवले.

"बघ गं करिमा. जावयानं कुठलीतरी काटकुळी बया धरलीय. तिच्यासाठी रेशमाचा टॉप. आणि शिवायला कोण? तर बायकोची आई! हाय का न्हाय कमाल?"

"कुशाक्का, जरा सबुरीनं," करिमा म्हणाली. "सुयोगराव तसला माणूस न्हाय. कुर्ता चुकून दुसऱ्या कुणाचा आला असंल. फोन तरी कर."

"फोन करू नका म्हणून बजावून गेलाय! चोराच्या मनात चांदणं. आणि हे बघ." मी कुर्ता उलटा केला. आत छातीपाशी, डाव्या बाजूला, मऊ कापडाचा एक खिसा हातानं शिवून लावलेला. टाके असे वाकडेतिकडे, की जिनं घातले तिला आयुष्यात कुणी सुई दिली नसावी. "चोरखिसा! ह्यात मोबाईल ठेवत असंल भवानी. दुसऱ्याच्या नवऱ्याशी गुलूगुलू बोलायला."

करिमानं तो खिसा बोटांनी चाचपला. "एकाच बाजूला कसा गं?" ती म्हणाली.

"दोन मोबाईल असतील तर दुसऱ्या बाजूला पण लावंल," मी म्हटलं आणि तो विषय तितंच संपवला.

पण रात्रभर माझ्या जीवाला चैन न्हाय. माझी लेक गौरी-गणपतीला आली न्हाय. दिवाळीला आली न्हाय. ऑफिसात ऑडिट हाय म्हणायची. व्हिडिओ लाव म्हटलं तर कॅमेरा बिघडलाय म्हणायची. मला राग येऊन मी पण म्हटलं होतं, नको येऊस जा. मला आता एकेक उलगडत होतं. पोरीचा संसार मोडत चाललाय, आणि ती आईला सांगंना. का सांगंना? तर तिचे वडील गेले तेव्हा मी जी कोसळले, ती इंदापूरच्या दवाखान्यात आठवडा काढून उठले. म्हणून ती मला जपत असणार. एकटीच सोसत असणार.

तुमी म्हणाल, मग एवढ्या दिवसांत बारामतीला एकदा जाऊन का आले न्हाय? तर आमच्या घरातली रीत. लेकीला मूल होईस्तोवर आईनं तिच्या घरी अन्न खायचं न्हाय, पाणीसुद्धा प्यायचं न्हाय. माझ्या आईनं पाळली, तिच्या आईनं पाळली. मग घोटभर पाणी प्यायचं न्हाय त्या घरात जाऊन बसायचं तरी कसं? मी लग्नानंतर एकदा उंबऱ्यातनं घर बघून आले, तेवढंच. लेकीनंच माझ्याकडं यायचं, असं ठरलेलं.

सकाळी मी ठरवलं. टॉप शिवायचा. ह्याच मापाचा, सुताचाही फरक न करता. आणि स्वतः घेऊन जायचं. जावयासमोर प्रगतीला म्हणायचं, घाल बघू. खांद्यातच अडकला की जावयाला तितंच धरायचं. रंगेहाथ!

मशीनवर बसले. रेशीम म्हंजे लई लबाड कापड. कात्री लावायला गेलं की सरकतंय, सुईखाली घातलं की गोळा होतंय. मी वर्तमानपत्राची पट्टी खाली धरून टीप घालते, म्हंजे मशीनचे दात कापडाला लागत न्हाईत, आणि मग कागद हलकेच फाडून काढते. पायानं मशीन चालवत होते आणि तोंडानं जावयाचा उद्धार करत होते. पण खरं सांगू का, हात काही वाईट शिवायला तयार होईना. राग बयेवर, रेशमानं काय केलंय? गळ्याला पोपटी पट्टी फिरवली ती अशी बसली की माझं मलाच कौतुक वाटलं. दोन्ही बाजूंच्या शिवणीत हातासरशी जादा कापडसुद्धा आत सोडलं, अंग भरलं तर उसवून सैल करायला. नंतर स्वतःवरच चिडले. म्हटलं, ह्या भवानीचं अंग भरायची तुला कशाला काळजी, कुशे?

खिसा मात्र लावला न्हाय. एवढ्या देखण्या रेशमाला आतनं असलं ठिगळ? माझ्या हातनं होणार न्हाय. आतनं पण असाच म्हणे!

दुसऱ्या दिवशी गुरुवार, जावयाची सुट्टी. मी टॉप इस्त्री करून घडी घातली, मापाचा कुर्ता त्याच पिशवीत कोंबला आणि इंदापूरची गाडी धरली. स्टँडवर बारामतीची बदलली. खिडकीला बसून मी मनातल्या मनात बोलायची तालीम करत होते. जंक्शन गेलं, भवानीनगर गेलं, उसाचे ट्रॅक्टर आडवे येत होते, आणि माझ्या शिव्यांना धार चढत होती. शेजारची बाई दोनदा म्हणाली, "मावशी, मला काय म्हणालात का?"

बारामतीत रिक्षा केली. जिना चढताना दम लागला तरी थांबले न्हाय. बेल दाबली.

दार उघडलं.

दारात एक बाई उभी. काटकी. अंगात ढगळ गाऊन. डोक्यावर पोरासारखे बारीक केस. मागनं गॅलरीचं ऊन येत होतं, तोंड नीट दिसंना. आणि खरं सांगते, मी तोंड बघितलंच न्हाय. मी माप बघितलं. अहो, तोच खांदा! तीच कंबर! दोन दिवस ज्या मापावर मी शिवत होते, ते माप हाडामासाचं होऊन माझ्या लेकीच्या दारात उभं होतं.

"सापडलीस गं भवाने!" मी असली ओरडले की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. "माझ्या लेकीच्या घरात गाऊन घालून उभी राहतीस? लाज हाय का न्हाय? कुठं हाय माझी लेक? काय केलंस माझ्या पोरीचं?"

ती बाई दाराला धरून उभी राहिली.

"आई," ती म्हणाली. "आई, मीच हाय गं."

आवाज माझ्या लेकीचा. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आवाज आला कुठनं म्हणून. मग त्या बाईच्या तोंडाकडं बघितलं. हनुवटीवरचा तीळ दिसला. लहानपणी मी त्या तिळाला मुंगी म्हणायची.

मी तितंच उंबऱ्यावर खाली बसले. पोटच्या पोरीला मी ओळखलं न्हाय. नऊ महिने जिला पोटात वागवली, तिला मी भवानी म्हटलं, हो. आतनं सुयोगराव धावत आले. हाताला कणीक लागलेली, खांद्यावर फडकं. त्यांनी एका बाजूनं धरलं, तिनं एका बाजूनं, आणि मला आत नेऊन पलंगावर बसवलं.

मग प्रगतीनं सांगितलं. सरळ सांगितलं, पाल्हाळ न लावता, ती पहिल्यापासून तशीच. डाव्या बाजूला गाठ आली होती. तपासली तर कॅन्सर निघाला. तो शब्द तिनं एकदाच उच्चारला. गणपतीत पुण्याला ऑपरेशन झालं. ती बाजू काढून टाकावी लागली. मग औषधाच्या सुया. केस गेले, अंग गेलं, जिभेची चव गेली. आता सुया संपल्यात, केस यायला लागलेत, डॉक्टर म्हणतात बरं चाललंय, पण तपासायला जात राहावं लागंल.

"आणि मला?" मी म्हटलं. "मला सांगावंसं वाटलं न्हाय?"

"तात्या गेले तेव्हा तू कशी पडलीस ते मी बघितलंय, आई. मला वाटलं, हे ऐकून तू माझ्या आधी जाशील. मीच ह्यांना शपथ घातली, आईला एक शब्द सांगायचा नाही."

मी जावयाकडं वळले. राग कुठंतरी काढायला पाहिजे होता ना? "आणि तुमी? तुमाला तोंड नव्हतं?"

"तोंडाला शपथ होती, मामी," सुयोगराव म्हणाले. ते हातावरची कणीक काढत उभे होते, वर बघत नव्हते. "म्हणून माप आणलं. म्हटलं, तुम्ही कापडावरनं बाई ओळखता. कुर्ता बघाल, आतला खिसा बघाल आणि कळेल तुम्हाला. माझ्या एकट्याच्यानं होत नव्हतं हो. ती आजारात सारखी आई-आई करायची आणि जाग आल्यावर फोनला हात लावू द्यायची नाही."

मला कळलं न्हाय, हो! डोळ्यांसमोर सगळं होतं. माप ओरडून सांगत होतं, खिसा सांगत होता, करिमानं सुद्धा विचारलं, एकाच बाजूला कसा? आणि मी काय समजले? काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी लपवलं न्हाय. जे मनात आलं होतं ते सगळं त्या दोघांसमोर बोलून टाकलं, बयेसकट, मोबाईलसकट.

आणि मग प्रगती हसली. पोट धरून हसली. "ह्यांना? बाई? अगं आई, ह्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत, बाई कुठं सापडायची!" सुयोगरावांचे कान लाल झाले. ते हसू तेवढं तिचं होतं, अगदी पहिल्यासारखं. ते ऐकलं आणि मग माझं रडू फुटलं. हंबरडाच फोडला मी. वरच्या मजल्याला काय वाटायचं ते वाटू दे.

रडून झाल्यावर तिनंच पिशवी उघडली. गुलबक्षी रंग बाहेर आला तशी तिनं दोन्ही हातांनी तो तोंडावर धरला.

"हा रंग तुझा?" मी विचारलं. "राखाडी सोडून?"

"माझाच. मीच जाऊन निवडला. दवाखान्यात पडल्या पडल्या वाटायचं, एवढं आयुष्य राखाडीत का घालवलं मी? सोमवारपासून कामावर जायचंय, आई. सगळे बघणारच आहेत माझ्याकडं. मग काहीतरी बघण्यासारखं घालून जाते की. आणि पहिल्या दिवशी तुझ्या हातचंच पाहिजे होतं."

आत जाऊन घालून आली. खांदा बसला. कंबर बसली. बाह्या बसल्या. मी आयुष्यात एवढा अंगासरसा टॉप शिवला नसंल, आणि तो तसा बसलेला बघून माझं काळीज फाटत होतं. तो अडकावा म्हणून मी गाडी धरून आले होते. आता मनात म्हणत होते, देवा, अडकायला पाहिजे होता रे.

ती आरशासमोर गेली. डाव्या बाजूला रेशीम पडलेलं, रिकामं. तिचा हात आपसूक तितं गेला आणि तितंच राहिला. दुसऱ्या हातात तिनं कपाटातनं काढलेली, लोकरीनं विणून आत कापूस भरलेली एक गोल उशी होती, त्या रिकाम्या बाजूला ठेवायची. ती टॉपच्या आत चाचपत होती. उजवीकडं, डावीकडं, परत डावीकडं. मग माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाली, "आई, आतला खिसा?"

आजपर्यंत मला कुणी भर चौकात मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

"ऱ्हायला," मी म्हटलं. "आत्ता लावते. काढ."

सुयोगरावांनी मापाचा कुर्ता पिशवीतनं काढला. "मामी, ह्यातला उसवून लावा, म्हणजे लवकर होईल."

मी तो उलटा केला. ते वाकडेतिकडे टाके परत बघितले. "हे कुणी घातले होते?"

"मीच," ते म्हणाले. "असले खिसेवाले कुर्ते तयार मिळतात म्हणे पुण्यात, पण तेव्हा गडबडीत... यूट्यूबवर बघून घातले. दोनदा बोटात सुई गेली."

मी त्या टाक्यांवरनं बोट फिरवलं. हेच टाके बघून मी काय काय बोलले होते. "ह्यो त्यातच राहू द्या," मी म्हटलं. "ह्यो तुमचा हाय. रेशमाला माझा लावते."

मऊ कापड पाहिजे होतं. अंगावरचं माझं लुगडं जुनं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. आतल्या टोकाला कात्री लावली आणि हातभर तुकडा काढला. प्रगती ओरडली, "आई, साडी कशाला?" मी म्हटलं, "गप ए मे..." आणि तो शब्द तोंडातच धरला. जीभ चावली गेली. गिळला. तिला कळलं. सुईत दोरा जाईना माझ्याच्यानं, तो तिनं ओवून दिला.

"सुयोगराव," मी म्हटलं, "आधी मला पाणी द्या. तांब्याभर."

ते दोघं एकमेकांकडं बघत राहिले. प्रगती म्हणाली, "आई, अगं आपली रीत... अजून मूल नाही झालं मला."

"मला झालंय ना," मी म्हटलं. "आण पाणी. आणि भाकरीचं पीठ हाय का बघा. ह्यांच्या चपात्या खाऊन पोरीचं अंग कधी भरायचं?"

पाणी प्यायले. घटाघट प्यायले. मग टॉप मांडीवर उलटा घेतला आणि डाव्या बाजूला बारीक टाके घालत बसले, वरनं एकही दिसणार न्हाय असे. ती माझ्या गुडघ्याला टेकून खाली बसली होती. बाजूची शिवण तिच्या बोटाला लागली.

"हे एवढं कापड आत का सोडलंयस, आई?"

"अंग भरलं की उसवून सैल करायला," मी सांगितलं. "सगळं भरंस्तोवर मी हितंच हाय."